एकशे दहा किलो

शिडी चांगली की वाईट, हे ठरवायची त्या कारखान्याची पद्धत सोपी होती. दादा तिच्यावर चढायचे. मोडली नाही तर चांगली.

पद्धत दादांच्या वडिलांनी घालून दिलेली. ते स्वतः अंगाने दांडगे. तयार झालेली प्रत्येक शिडी भिंतीला टेकवायची, मधल्या पायरीपर्यंत चढायचं, तिथे दणकन एक उडी मारायची आणि उतरल्यावर दांड्यावर थाप द्यायची, असा त्यांचा रिवाज. "जी मला पेलते ती कुणालाही पेलेल," असं ते म्हणायचे. त्यांच्यामागे कारखाना दोन मुलांकडे आला. धाकटे भाऊ काडीपैलवान, तेव्हा त्यांच्या वाट्याला हिशेब, गिऱ्हाईक आणि डोकेदुखी आली. शिडीवर चढायचा मान आपसूक दादांकडे गेला. लाकडाच्या वखारीत कुणीतरी थट्टेने त्यांना काट्यावर उभं केलं होतं, तेव्हा आकडा भरला एकशे दहा. तो आकडा मग कारखान्याच्या पाटीवरच चढला : 'एकशे दहा किलोंना तपासलेल्या लाकडी शिड्या'. खाली दादांचं चित्र काढू या, असं पेंटरने सुचवलं होतं, पण फळी पुरली नाही.

आता अडचण एवढीच होती की दादा एकशे दहा किलोंचे राहिले नव्हते.

सुरुवात कधी झाली कोण जाणे. आधी घड्याळाचा पट्टा एका भोकाने आत गेला, मग कमरेचा. तहान सारखी लागायची. दुपारी जेवण झालं की फळ्यांच्या थप्पीवर बसल्याबसल्या डोळा लागायचा. पण घरी याची काळजी करणार कोण? ज्या माणसाला जन्मभर 'जरा कमी जेवा' एवढंच ऐकावं लागलं, तो एकदाचा उतरायला लागला तर घरचे आनंदच मानणार. दादांच्या बायकोला सगळा कारखाना वहिनी म्हणायचा. त्या वहिनींनी तर सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं होतं. त्यांनी चहातली साखर तोडली होती, रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलं होतं. "बघा, माझं ऐकलंत म्हणून!" असं म्हणत त्या दादांच्या विजारी एकेक करून शिलाई मशीनवर आत घेत होत्या. शेजारपाजारच्या जाड्या नवऱ्यांच्या बायका त्यांचा सल्ला घ्यायला येत होत्या. दादा नुसती मान डोलवायचे.

त्यांच्या पोटात वेगळंच होतं. त्यांचे वडीलही आधी असेच वाळले होते. एवढा तगडा माणूस, बघता बघता दोरीवर टाकलेल्या सदऱ्यासारखा झाला, डॉक्टरकडे गेला आणि पुन्हा शिडीवर चढला नाही. तेव्हापासून दादांच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला होता, की डॉक्टरकडे जाईपर्यंत माणूस बरा असतो. हा हिशेब वेडगळ आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण भीतीपुढे शहाणपण चालत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून ते गप्प बसले.

घरी गप्प बसणं सोपं होतं. कारखान्यात पंचाईत झाली.

पॅकिंगच्या खोलीत माल तोलायचा मोठा काटा होता. एका दुपारी सगळे जेवायला गेलेले पाहून दादा त्याच्यावर उभे राहिले. एकशे सहा. काटा बिघडला असेल म्हणून त्यांनी नेहमीच्या वजनाची खिळ्यांची पेटी ठेवून पाहिली. काट्याला काही झालं नव्हतं. त्या दिवशी सकाळीच त्यांनी शिड्या तपासून दिल्या होत्या आणि त्या बाहेर गाडीत भरून उभ्या होत्या. दादांनी काहीतरी सबब सांगून सगळ्या शिड्या गाडीतून उतरवल्या, खिशांत बोल्ट कोंबले आणि पुन्हा एकेकीवर चढून उडी मारली. गाडीवाल्याने कपाळाला हात लावला. म्हातारचळ म्हणून भाऊंनीही सोडून दिलं.

पाटीवर एकशे दहा लिहायचं आणि वर हलका माणूस चढवायचा, ही सरळ लबाडी झाली, असं दादांना वाटत होतं. तब्येतीबद्दल बायकोशी खोटं बोलताना त्यांची जीभ अडखळत नव्हती. शिडीशी खोटं बोलायचं मात्र जिवावर आलं. मग त्यांनी शिड्या गुंडाळायच्या जाड कापडाचं एक बिनबाह्यांचं जाकीट शिवलं, आतून कप्पे लावले आणि त्यांत शिडीचेच बोल्ट भरले. वर कामाचा निळा डगला. काट्यावर उभं राहायचं, एकशे दहा भरेपर्यंत बोल्ट घालायचे, मग चढायचं. दर थोड्या दिवसांनी चार बोल्ट वाढायचे. डगला पहिल्यासारखाच भरलेला दिसायचा. गाल बसलेले दिसू नयेत म्हणून त्यांनी दाढीही राखली. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. वजनाचं सोंग आणता येतं, एवढी भर दादांनी त्यात घातली. संध्याकाळी जाकीट काढून कपाटात टाकलं की खांद्यांवर लाल वळ उठलेले असायचे.

त्यातच हे प्रमाणपत्राचं आलं.

विजेच्या तारांची कामं करणाऱ्या एका परदेशी कंपनीला लाकडी शिड्या हव्या होत्या, कारण लाकडातून वीज जात नाही. नमुने त्यांना पसंत पडले. पण आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्रमाणपत्र असलेल्या कारखान्याकडूनच आम्ही माल घेतो, असं त्यांनी कळवलं. इकडे गावातलं गिऱ्हाईक धातूच्या शिड्यांकडे वळलं होतं. अर्धी यंत्रं झाकून ठेवलेली असायची. हे काम मिळालं तर कारखाना चालणार होता, नाही मिळालं तर किती दिवस, हे भाऊ मोठ्याने बोलत नसत.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" दादा म्हणाले. "चढून बघा म्हणावं."

"दादा, ते समुद्रापलीकडे बसलेत," भाऊ म्हणाले. "तुझी उडी तिथून दिसत नाही."

दिसेल अशी व्यवस्था करायचं काम भाऊंच्या मुलीने घेतलं. लहानपणी एवढीशी होती म्हणून तिला चिमणी म्हणायचे. आता ती बापाच्या डोक्याच्या वर गेली होती तरी नाव तेच. तिने बाहेर मालाचा दर्जा तपासायचंच शिक्षण घेतलं होतं. आली त्याच आठवड्यात तिने लाकडाच्या थप्प्यांना क्रमांक दिले, पट्ट्या आणि मापं तपासून घेतली आणि जे बरोबर निघालं त्याला हिरवा कागद चिकटवला. जे चुकीचं निघालं त्याला लाल. लाल कागदावर छापलं होतं, 'वापरू नये'. "कानामागून आली आणि तिखट झाली," असं सुतारकाम बघणारे जुने मिस्त्री म्हणाले खरे, पण त्यांची चाळीस वर्षांची लाडकी मोजपट्टी टोकाला झिजलेली निघाली तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने तिला लाल कागद लावला आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

चिमणीचं सूत्र एकच होतं. "जे करता ते लिहा, आणि जे लिहाल तेच करा." त्याप्रमाणे सगळ्यांच्या सवयी कागदावर आल्या. सरस किती उकळायचा? मिस्त्री म्हणाले, बोटाला चिकटेपर्यंत. मग बोटाऐवजी तापमापक आला. असं करत करत गाडी दादांच्या उडीपाशी येऊन थांबली.

"मोठे बाबा, इथे वाळूची पोती टांगू या," चिमणी म्हणाली. "वाळू कधी आजारी पडत नाही."

दादांना ते बोलणं भलत्याच जागी लागलं. "वाळू उडी मारत नाही," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

भाऊंनी मोठ्या भावाची बाजू घेतली. बापाची पद्धत आहे, मोडवत नाही, असं म्हणाले. चिमणीने दोघांकडे पाहिलं. तिचं बालपण या मोठ्या बाबांच्या खांद्यावर गेलं होतं, आणि हल्ली ती जवळ गेली की ते दोन पावलं मागे सरतात हे तिच्या लक्षात आलं होतं. पोत्यांचा विषय काढला म्हणूनच ते दुरावलेत, असा तिने आपल्या परीने अर्थ लावला. जाकिटातलं लोखंड तिच्या हाताला लागेल म्हणून ते सरतात, हे तिला कुठून कळणार?

"बरं, राहू दे," ती म्हणाली. "माणूस नको असं कुठलंच मानक म्हणत नाही. तुमचं माप बरोबर आहे हे दाखवा, एवढंच म्हणतं."

तिने लिहिलं : चाचणीचा भार दादा, वजन एकशे दहा किलो, दर महिन्याला तोलून खात्री करणे. मग दादांना काट्यावर उभं केलं. एकशे दहा, ना कमी ना जास्त. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्याही महिन्यात तेच.

"तुमच्यासारखं उपकरण अख्ख्या कारखान्यात नाही!" असं म्हणून तिने दादांच्या डगल्याच्या खिशावर हिरवा कागद चिकटवला. सगळे हसले, दादाही हसले. त्या दुपारी त्यांना जेवण गेलं नाही.

प्रमाणपत्र एकदाचं हातात पडू दे, मग सगळं सांगून टाकू, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. एकदा कारखान्याचं मार्गी लागलं की आपलं काय व्हायचं ते होवो. तोवर सांगितलं तर शिडीवरून उतरवतील, दवाखान्यात नेतील, आणि पुढे वडिलांचं झालं तेच होईल. शिडीवरून उतरण्याची त्यांना जास्त भीती होती की दवाखान्याची, ते त्यांनाही नीट उमगत नव्हतं.

तपासणीचा दिवस उजाडला. तपासायला आलेल्या बाई उतारवयाच्या होत्या. केस आखूड, बूट साधे आणि आवाज वाचनालयात बसल्यासारखा हळू. त्यांनी चहा घेतला, बिस्किटं नाकारली आणि सकाळभर कारखाना पाहिला. त्या कुणाला कोंडीत पकडत नव्हत्या. "हे कसं करता?" असं विचारायच्या, माणूस सांगायचा, मग "लिहिलंय का?" विचारायच्या, चिमणी पान काढून द्यायची. लिहिलेलं आणि केलेलं जुळलं की मान हलवायच्या. मिस्त्रींनी तापमापक इतक्या ऐटीत दाखवला की जणू त्यांच्याच घराण्यात त्याचा शोध लागला होता. दुपारपर्यंत भाऊंच्या चेहऱ्यावर रंग आला.

मग बाईंनी पुढचं पान उलटलं आणि ते दोनदा वाचलं.

"चाचणीचा भार कुठे आहे?"

"हे," चिमणी म्हणाली.

"हे म्हणजे?"

"मी," दादा म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी दादांच्या खिशावरचा हिरवा कागद चष्मा वर करून वाचला. "माणूस हे उपकरण मी पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या. "तोलून दाखवा."

काटा एकशे दहावर थांबला.

"छान. आता चाचणी दाखवा."

नवी शिडी भिंतीला लावली. मागे परदेशी पाठवायच्या शिड्यांची पहिली थप्पी बांधून तयार उभी होती. दादा चढू लागले. त्या आठवड्यात जाकिटात पुन्हा बोल्ट वाढले होते आणि अंगातली ताकद तेवढीच कमी झाली होती. मधल्या पायरीवर पोचेपर्यंत त्यांना दम लागला. त्यांनी दांडा घट्ट धरला, श्वास घेतला आणि उडी मारली. शिडीने हूं की चूं केलं नाही.

जाकिटाचा कप्पा मात्र उसवला. टण्ण आवाज झाला, एक बोल्ट फरशीवर पडला, घरंगळत गेला आणि तपासनीस बाईंच्या बुटाला लागून थांबला.

बाईंनी वाकून तो उचलला. "हा कुठला?"

मिस्त्रींनी तो जवळून पाहिला. "आपलाच. पायरीचा बोल्ट."

"शक्य नाही," भाऊ म्हणाले. "पायरीचा बोल्ट निसटूच शकत नाही. वर रबराची टोपी असते."

"तो वरून पडला," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि वर शिडी आणि तुमचे भाऊ याखेरीज काही नाही."

चिमणीचा चेहरा पांढरा पडला होता. असं झालं तर काय करायचं, हे तिनेच लिहिलं होतं. चाचणीत शिडीचा भाग सुटला तर ती शिडी बाद, आणि तिच्याबरोबर बनलेली सगळी थप्पी अडवून ठेवायची. कुणी सांगायची वाट न बघता तिने खिशातून लाल कागदांची गुंडाळी काढली. पहिला कागद सोलून ती शिडीकडे निघाली. वडिलांकडे तिने पाहिलंच नाही.

दादा वरून बघत होते. गप्प राहायचं तर राहता आलं असतं. टोप्या काढून पाहिल्या असत्या तर सगळे बोल्ट जागच्या जागी निघाले असते. मग हा जास्तीचा कुठून आला याची चौकशी झाली असती, कुण्या कामगाराच्या निष्काळजीपणावर खापर फुटलं असतं. प्रमाणपत्र लांबलं असतं, पण मूठ झाकलेली राहिली असती. हे सगळं त्यांच्या डोक्यात येऊन गेलं. पण खाली ती पोर लाल कागद घेऊन शिडीपाशी वाकली होती, आणि शिडी चांगली होती. वाईट शिडीला त्यांनी जन्मात कधी चांगली म्हटलं नव्हतं. चांगल्या शिडीला वाईट म्हणू देणं त्यांना तितकंच कठीण गेलं.

"चिमणे, थांब," ते म्हणाले. "तिला लावू नकोस."

ते एकेक पायरी उतरले. खाली येऊन त्यांनी डगल्याची बटणं काढली. आतलं जाकीट अंगातून सोडवायला त्यांना वेळ लागला. कुणी मदतीला पुढे झालं नाही, कारण काय चाललंय तेच कुणाला कळेना. ते जाकीट त्यांनी काट्यावर ठेवलं. अठरा किलो.

"बोल्ट माझा आहे," दादा म्हणाले. "लाल कागद मला लाव."

डगला त्यांच्या अंगावर आता असा लोंबत होता की त्यात माणूस शोधावा लागत होता. भाऊ बघतच राहिले. रोज सकाळी शेजारच्या टेबलावर बसणारा, रोज आपल्याबरोबर चहा पिणारा सख्खा भाऊ, आणि आपल्याला हे दिसलं नाही! मिस्त्री उगाचच फरशीवर आणखी बोल्ट पडलेत का ते शोधायला लागले.

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "चढताना दर वेळी एकशे दहाच होते?"

"दर वेळी. काट्यावर बघूनच चढतो."

"कधी कमी?"

"कळलं त्या दिवशी चार किलोंनी कमी होतो. त्या शिड्या गाडीतून उतरवून परत तपासल्या. त्याच्या आधीचं सांगता येणार नाही."

"त्याच्या आधीच्या थोड्या मागवून घ्याव्या लागतील," बाई म्हणाल्या. "बाकीच्या शिड्या ठीक आहेत." मग त्यांनी दादांकडे नीट पाहिलं. "उपकरण ठीक नाही."

त्या भाऊंकडे वळल्या. भार आणि माणूस वेगळे करावे लागतील, असं त्यांनी सांगितलं. जाकीट तपासून घेता येईल, माणसाची हमी कोण देणार? ही सुधारणा झाली की त्या पुन्हा येणार होत्या. तोवर प्रमाणपत्र थांबेल, पण नाकारलेलं नाही. भाऊ हो हो म्हणत होते आणि त्यातलं अर्धंही त्यांच्या कानात शिरत नव्हतं.

"आणि तुम्ही," बाई चिमणीला म्हणाल्या, "बिघडलेल्या उपकरणाचं काय करायचं लिहिलंय?"

चिमणीला ते पाठ होतं. "ताबडतोब वापरातून काढायचं. लाल कागद लावायचा." तिने दादांकडे पाहिलं. "दुरुस्तीला पाठवायचं."

"मग लिहिलंय तसं करा."

चिमणीने दादांच्या खिशावरचा हिरवा कागद काढला आणि तिथे लाल चिकटवला. तो नीट दाबून बसवता बसवता तिने एकदम त्यांना मिठी मारली. या वेळी दादा मागे सरले नाहीत. तिच्या बोटांना त्यांच्या बरगड्या लागल्या आणि ती लहान मुलीसारखी रडायला लागली. "मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात," ती म्हणत होती. दादा तिच्या पाठीवर थोपटत राहिले, शिडीला थोपटायचे तसंच.

घरी भाऊंनी सोडलं. जाकीट भाऊंच्या हातात होतं. दोघं चालतच निघाले. कोपऱ्यावर दादा दम खायला थांबले, तेव्हा भाऊ दुकानाची पाटी वाचत असल्यासारखे उभे राहिले.

वहिनी खिडकीशी मशीनवर बसल्या होत्या. पायाखाली धाग्यांचे तुकडे, हातात दादांची तपकिरी विजार, दुसऱ्यांदा आत घ्यायला काढलेली. "आज लवकर?" असं म्हणत त्या उठल्या. "झालं का प्रमाणपत्र?"

भाऊंनी वाटेत चार वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना. त्यांनी जाकीट पुढे केलं. "वहिनी, हे जरा धरा."

वहिनींनी कपडा म्हणून हात पुढे केले आणि दोन्ही हात झटक्याने खाली गेले. जाकीट धाडकन जमिनीवर पडलं.

"अगं बाई! काय आहे हे?"

"दादा आहे," भाऊ म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. दादा दाराशीच उभे होते, छातीवर लाल कागद घेऊन. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. त्या खाली बसल्या, जाकीट ओढून त्यांनी मांडीवर घेतलं आणि एका कप्प्यात हात घातला. बोल्ट बाहेर काढून पाहिला, परत आत ठेवला.

"एवढं?" त्या म्हणाल्या. "एवढं गेलं, आणि मी विजारी आत घेत बसले. शेजारच्यांना सांगत सुटले होते."

"तुला काय माहीत," दादा म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं ना!" वहिनींचा आवाज चढला. दादांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा आवाज भाऊंनी कधी ऐकला नव्हता. "शिडीला खरं सांगत होतात रोज. काट्यावर उभं राहून, बोल्ट मोजून! आणि मला?"

"अगं, शिडीवर दुसऱ्याचा जीव असतो," दादा पुटपुटले.

"आणि तुमच्यावर कुणाचा नसतो?"

दादा आत आले. ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "उद्या सकाळी जाऊ डॉक्टरकडे."

"उद्या नाही. आत्ता."

वहिनींनी चपला घातल्या आणि जाकीट उचललं. जाकीट न्यायचं कशाला, असं दादांनी विचारलं, पण त्या थांबल्या नाहीत. भाऊंनी ते घ्यायला हात पुढे केला, तर तो त्यांनी बाजूला सारला. अठरा किलोंचं ते ओझं छातीशी धरून, वाकून, मध्ये मध्ये थांबत त्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत गेल्या. दादा त्यांच्या मागून चालत होते. बायकोच्या खांद्यांकडे त्यांना बघवत नव्हतं.

दवाखान्यात गर्दी नव्हती. दादांच्या वडिलांना ज्यांनी तपासलं होतं तेच म्हातारे डॉक्टर वर्तमानपत्र घडी करून ठेवत होते. वहिनींनी जाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं तेव्हा कपबशी खणखणली.

"हे यांच्यातून गेलंय," त्या म्हणाल्या. "कुठे गेलं ते शोधा."

डॉक्टरांनी जाकिटाकडे पाहिलं, मग दादांच्या खिशावरचा लाल कागद वाचला. त्यांनी दादांना काट्यावर उभं केलं, आकडा बघितला, जीभ बघितली, डोळ्यांची पापणी खाली ओढली.

"पाणी फार लागतं का हो?"

"लागतं."

"मग आधी बोटातलं रक्त बघू. तुमच्या वडिलांसारखंच असेल असं धरून बसला असाल, तर तसं काही ठरलेलं नसतं." ते खुर्ची ओढून समोर बसले. "कधीपासून चाललंय हे?"

'तसं विशेष काही नाही,' हे दादांच्या तोंडाशी आलं होतं. इतके दिवस त्यांनी ते इतक्या वेळा म्हटलं होतं की ते आपसूक यायचं. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. त्या अजून धापा टाकत होत्या, आणि एक हात जाकिटावर तसाच होता. दादांनी घसा साफ केला आणि घड्याळाच्या पट्ट्यापासून सांगायला सुरुवात केली.